नवी चेन, जुने दात

सांगोला तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

‘मी अंगणवाडी सेविका आहे. घरापासून अंगणवाडी सहा किलोमीटर, रोज सायकलने जाते. सायकल साधी लेडीज, बिनगिअरची, सात वर्षं झाली. चेन सारखी पडायची म्हणून गेल्या महिन्यात नवी टाकून घेतली. तेव्हापासून चढाला जोर दिला की चेन खटकन सटकते आणि पाय एकदम खाली जातो. परवा ओढ्याच्या चढावर पडता पडता वाचले. दुकानदार म्हणतो, आता फ्रीव्हील आणि पुढचं चेनव्हीलही बदला. मग आधी का नाही सांगितलं? मला फसवतायत का? शिवाय आठवड्याला एक पंक्चर ठरलेलं, आणि पुढचा ब्रेक एरवी किंचाळतो, पावसात लागतच नाही. चेनला मी घरचं खोबरेल लावते, ते चालतं का? थोडंफार काम घरीच शिकावं म्हणते, तर गल्लीतली माणसं हसतात.’

ताई, पत्र वाचून आधी तुमच्या गुडघ्यांची काळजी वाटली. चढावर चेन सटकते तेव्हा अंगाचा सगळा भार एका पायावर असतो, आणि त्या पायाखालचा आधारच निघून जातो. असं पडून हँडलवर तोंड आपटलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत सीटवरून उठून पायडल मारू नका. ओढ्याचा चढ आला की उतरा, सायकल हातात धरून चढा. दोन मिनिटं उशीर होईल, होऊ द्या.

आता दुकानदाराचं. तो खरं सांगतोय, पण फार उशिरा सांगतोय. नवी चेन टाकायच्या आधी त्याने फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे, दात बघायला हवे होते आणि तुम्हाला दाखवायलाही हवे होते. तुमचा राग योग्य आहे. पण फ्रीव्हील बदलायचा सल्ला खोटा नाही, एवढं लक्षात घेऊन त्याच्याशी बोला.

चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण खरं तर ती झिजते. प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि ती बुशमध्ये, म्हणजे बारीक नळीत, फिरते. रस्त्याची धूळ तेलात कालवली गेली की त्या दोघांच्या मधे कानशीसारखी घासत राहते. एका सांध्यात केसाएवढी जागा होते, पण चेनला असे शंभरावर सांधे असतात. ती सगळी झीज जोडली की चेन लांब होते, सैल पडते आणि दातांवरून उतरायला लागते.

माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला पटावं म्हणून ते एकाच खिळ्यावर दोन चेन लोंबत्या ठेवायचे, एक नवी, एक काढलेली, दोन्हींच्या कड्या मोजून सारख्या. जुनी चेन खाली बोटभर जास्त यायची. ती लांबी बघितली की माणूस पुढे वाद घालत नसे. तुमची जुनी चेन दुकानात पडली असेल तर मागून आणा. ती तुमच्या पैशाची वस्तू आहे, आणि पुढे सांगतो त्या कारणासाठी ती लागणारही आहे.

चेनची झीज मोजायला साधी इंचाची पट्टी पुरते. नव्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर अर्धा इंच असतो. म्हणजे २४ कड्यांचे १२ इंच. चेन ताठ धरा, पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि २४ कड्या सोडून येणारी पिन बघा. १२ वर असेल तर चेन ठणठणीत. मिस्त्री लोक इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत मानतात. अर्धं सूत पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली, आणि त्या वेळी बदलली तर फ्रीव्हील बहुतेक वाचतं. पूर्ण सूतभर पुढे गेली असेल तर फ्रीव्हीलही तिच्याबरोबर गेलं असं समजा. सात वर्षं एकच चेन चालली असेल तर तुमची सूताच्याही पुढे गेलेली असणार.

चेन लांबत जाते तसे दातही तिच्या मापाने झिजत जातात. नवा दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो, टेकडीसारखा. झिजलेला दात बारीक होतो आणि एका अंगाला कलतो, कोयत्याच्या टोकासारखा. त्याच्या तळातली जागाही रुंद झालेली असते. जुनी लांब चेन त्या जागेत नीट बसायची, कारण दोघी बरोबरच झिजल्या होत्या. नव्या चेनचं माप अर्ध्या इंचाचं. तिच्या कड्या तळात बसत नाहीत, दाताच्या अंगावर चढून बसतात. सपाटीवर निभावतं. चढाला जोर आला की कडी दाताच्या टोकावरून पलीकडे उडी मारते. तुमचा पाय खाली जातो तो नेमका त्या क्षणी.

‘थोडे दिवस चालवा, चेन बसेल’ असं कुणी म्हणेल. ऐकू नका. ती ‘बसते’ याचा अर्थ नवी चेनही जुन्या दातांच्या मापाला झिजते. पैसे देऊन आणलेली चेन अशी खराब का करायची?

तरी खर्च करायच्या आधी दोष नक्की तोच आहे ना, हे पाहून घ्या. सायकल स्टँडवर लावा, कुणाला तरी मागचा ब्रेक अर्धवट दाबून धरायला सांगा आणि हाताने पायडल जोरात पुढे ढकला. बोटं, ओढणी, पदर चेनपासून लांब ठेवा. चेन मागच्या दातांवर चढून उडी मारताना दिसली तर दात गेले आहेत. चेन दातांवरून उडाली नाही, तरी पायडल मोकळं फिरलं आणि चाकाला जोर लागला नाही, तर फ्रीव्हीलच्या आतले खटके गेले आहेत. काही मिस्त्री त्यांना ‘कुत्री’ म्हणतात. तो दोष दातांचा नाही, पण उपाय तोच, फ्रीव्हील नवं. आणि सटकणं ठरावीक असेल, पायडलच्या दोन-अडीच फेऱ्यांमागे एकदा, तर एखादी कडी आखडली आहे. बहुतेक ती चेन जोडताना पिन ठोकली तिथली असते. ती बोटांनी आडवी मागेपुढे वाकवून सोडवता येते, त्याला काही खर्च नाही.

दात गेले असतील तर एक गोष्ट सांगतो, जी दुकानात सहसा कुणी सांगत नाही. हाताशी आत्ता पैसे नसतील तर जुनी चेन परत चढवा. झिजलेली चेन आणि झिजलेले दात एकमेकांना ओळखतात. एखादी कडी कमी करून, चाक मागे ओढून ती जोडी अजून काही महिने बिनघोर चालू शकते. नवी चेन कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. जमेल तेव्हा फ्रीव्हील घ्या आणि त्याच दिवशी नवी चेन चढवा. अट एकच, जुन्या चेनवर चढावर सटकणं पूर्ण थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर थांबायची सोय नाही, फ्रीव्हील लगेच घ्यावं लागेल.

पुढच्या चेनव्हीलची, म्हणजे पायडलपाशी असलेल्या मोठ्या दातेरी चकतीची, मात्र घाई करू नका. मागे साधारण १८ दात, पुढे ४४ किंवा त्याच्या आसपास. म्हणजे मागचा प्रत्येक दात पुढच्या दाताच्या अडीच पट वेळा चेनखाली येतो, आणि तितकाच लवकर झिजतो. एक चेनव्हील दोन-तीन चेन सहज पुरतं. दात एका अंगाला कललेले दिसले तरच बदला, आणि दुकानदाराला म्हणा, ‘भाऊ, कुठला दात गेलाय तो मला दाखवा.’ चांगला कारागीर आनंदाने दाखवतो.

फ्रीव्हील घेताना जुन्याचे दात मोजून तेवढ्याच दातांचं घ्या. दोन दात कमी घेतले तर चढ जड जाईल, दोन जास्त घेतले तर हलका, फक्त सपाटीवर पाय जास्त वेळा फिरवावे लागतील. तुमच्या रस्त्यावर चढ आहे आणि कॅरियरवर पोषण आहाराचं ओझं असतं, तेव्हा १८ च्या जागी २० दातांचं मिळालं तर मी तेच घेईन. चेन मग कडीभर लांब लागेल, ते आधीच बोलून घ्या. जुनं फ्रीव्हील खाचेत बसणाऱ्या चावीने काढायला सांगा, छिन्नी-हातोडीने नको. ते फेकायचंच आहे हे खरं, पण ठोकताना हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, आटे दुखावले तर अख्खा हब बदलायची पाळी येते. आणि नवं चढवताना आट्यांना बोटभर ग्रीस.

काम झालं की दुकानातून निघण्याआधी दोन गोष्टी बघा. चेनला जोडाची कडी असेल तर तिच्यावरच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागे. उलटं बसलं तर काट्याकुट्यात अडकून क्लिप निघून जाते आणि चेन रस्त्यात तुटल्यासारखी सुटते. दुसरं, खालच्या बाजूच्या चेनला मध्यावर बोटाने वर-खाली करा. साधारण अर्धा-पाऊण इंच हलली पाहिजे. पायडल फिरवत चार ठिकाणी बघा, कारण चेनव्हील अगदी गोल नसतं आणि एका जागी चेन जास्त ताणते. त्या ताणलेल्या जागीही थोडी ढील हवी. पडू नये म्हणून तारेसारखी कसलेली चेन हबमधले आणि पायडलच्या जागेतले छर्रे खाते.

खोबरेल बंद करा. थंडीच्या सकाळी ते थिजतं आणि एरवी चिकट होऊन धूळ धरून ठेवतं. आणि तुमच्या भागात धुळीची काय कमी! गाडीतून काढलेलं जळकं ऑइल तर अजिबात नको, त्यात इंजिनच्या झिजेचे बारीक कण असतात. मोटरसायकलचं नवं इंजिन ऑइल छोट्या बाटलीत घेऊन ठेवा, वर्षभर पुरेल. जुन्या दातब्रशने आणि थोड्या रॉकेल किंवा डिझेलने चेन घासा, फडक्याने कोरडी करा. मग पायडल उलटं फिरवत खालच्या चेनच्या आतल्या अंगाला, प्रत्येक कडीच्या रोळावर एकेक थेंब. पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने चेन पुसून घ्या, अगदी हाताला काळं लागणार नाही इतकी. हे पुसणं तेल घालण्याइतकंच महत्त्वाचं. तेल कड्यांच्या आत हवं. बाहेर राहिलेलं तेल धुळीला आमंत्रण देतं. कोरड्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा पुरे, पावसाळ्यात आठवड्याला.

पंक्चरबद्दल लिहायला मला तुमच्या रस्त्याची ओळख उपयोगी पडते आहे. वेडी बाभूळ आणि बोर तर आहेतच, पण सायकलचा खरा वैरी सराटा. पाऊस संपला की तो वेल वाळतो, फळाचे पाच तुकडे होतात, आणि तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतो. समोरून एसटी आली की आपण डांबर सोडून कडेच्या मातीत उतरतो, नेमके तिथेच सराटे पसरलेले असतात. कडेला उतरावं लागलं तर परत डांबरावर आल्यावर थांबून दोन्ही टायरांवर नजर टाका. रुतलेला सराटा लगेच काढला तर बरेचदा ट्यूबपर्यंत पोचलेला नसतो. चार फेऱ्यांनी तो आत जातो.

आठवड्याला पंक्चर म्हणजे मात्र नवा काटा दर वेळी लागतो असं नाही. माझा अंदाज, जुनाच काटा टायरमध्ये बसून आहे. पंक्चर काढणारा घाईत ट्यूब चिकटवून देतो, टायर आतून बघत नाही. पुढच्या वेळी ट्यूब काढली की कापसाचा बोळा टायरच्या आतून सगळीकडे फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे काटा आहे. बोटाने चाचपू नका, टोक बोटात जातं. ट्यूब बादलीत बुडवून भोक सापडलं की ते व्हॉल्व्हपासून किती वितींवर आहे ते मोजा. टायरवर व्हॉल्व्हपासून तितक्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना, नीट बघा.

भोक कुठे आहे ते पुष्कळ सांगतं. ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल तर तो काटा नाही. रिमवरची पट्टी फाटली आहे आणि तारेचं टोक ट्यूबला टोचतं आहे. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. एकदा हवा पूर्ण भरून घ्या आणि लगेच अंगठ्याने टायर दाबून ती कडकपणाची ओळख अंगठ्याला करून द्या. मागचं चाक पुढच्यापेक्षा कडक हवं, ओझं तिथे आहे. सात वर्षांत टायर बदलला नसेल आणि आतून दोरे दिसत असतील, तर पंक्चर काढत बसण्यात अर्थ नाही.

आणि रात्री भरलेली हवा सकाळी नसते, पण बादलीत एकही बुडबुडा नाही, असं होत असेल तर ट्यूब बदलायला जाऊ नका. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. फुगा आला तर आतली बारीक रबरी नळी, वॉलट्यूब, कुजली आहे. सायकलचा याहून स्वस्त भाग नाही. दोन-चार नेहमी घरात असू द्या. ही नळी न बघता चांगली ट्यूब टाकून दिलेली मी कितीदा पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे.

पॅच स्वतः चिकटवणार असाल तर घाई करू नका. पॉलिश पेपरने ट्यूब खरखरीत करा, सोल्यूशनचा पातळ हात द्या आणि चार-पाच मिनिटं तसंच सोडा. बोटाची मागची बाजू टेकवली तर चिकटणार नाही इतकं सुकलं की मग पॅच दाबून बसवा. ओल्या सोल्यूशनवर बसवलेला पॅच दोन दिवसांत सुटतो.

हसणाऱ्या माणसांचं वाचून मला आई आठवली. वडील मोंढ्यात गेले की दुकानातली पंक्चरं तीच काढायची. लोक चाक हातात धरून उभे राहायचे, ‘मालक कधी येतील?’ ती काही न बोलता चाक घ्यायची. वर्षभरात त्यातलेच काहीजण मुद्दाम तिच्याकडे चाक देऊ लागले, कारण ती टायर आतून बघायची. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल चालवायला शिकल्या. त्यांनाही रस्त्यावर टोमणे ऐकावे लागले होते. तुम्ही तर सात वर्षं चालवताय. पंप, पॉलिश पेपर, सोल्यूशन, पॅच, दोन टायर लिव्हर, वॉलट्यूब आणि तुमच्या चाकाच्या नटाला बसणारा पाना, एवढं घ्या. पहिलं पंक्चर काढायला तास लागेल. तिसऱ्याला वीस मिनिटं. जमलं तर अंगणवाडीच्या वाटेवरच्या शाळकरी मुलींनाही दाखवा, त्यांच्या सायकलींनाही तेच सराटे लागतात.

चाकांचे हब आणि पायडलची जागा मात्र दुकानातच खोलू द्या. आपल्याकडे सगळे म्हणतात ते ‘ओव्हरऑइल’ पावसाळा संपल्यावर एकदा करून घ्या, छर्रे धुऊन नवं ग्रीस. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. डगडगलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू नका.

ब्रेकचं मी शेवटी लिहितोय, पण तुम्ही ते सगळ्यात आधी करा. तुमच्या सायकलची रिम चकचकीत लोखंडी असणार. ती ओली झाली की रबर तिच्यावर घसरतं, चाकाच्या काही फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात. पावसात थांबायच्या जागेच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके लावून सोडा, रिम पुसली जाईल, मग दाबा. दोन्ही ब्रेक बरोबर, पुढचा एकदम कचकावून नको. रबरात नख रुतत नसेल तर ते दगड झालं आहे, चारही नवी टाका. किंचाळणं कमी व्हायला रिम कोरड्या फडक्याने साफ करा, तेलाचा हात लागलेला असतो. रबर असं बसवा की त्याचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल आणि मागे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट राहील. रबर टायरला घासता कामा नये, टायर कापला जातो. ब्रेकची तार मुठीपाशी बघा, एक धागा जरी तुटलेला दिसला तरी तार बदला.

आणि रबर ज्या पत्र्याच्या घरात बसतं, त्या घराचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. तुमच्यासारख्या तारेच्या ब्रेकला बंद तोंड पुढच्या बाजूला हवं. चाक फिरताना रबराला पुढे ओढतं. उघडं तोंड पुढे असेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर रबर घरातून निसटून रस्त्यावर पडतं आणि हातात नुसती मूठ राहते. हे बघायला अर्धं मिनिटही लागत नाही. पत्र वाचून झालं की अंगणात जा आणि चारही रबरं बघून घ्या.